डावीकडे कललेली गाडी

गाडीची उंची कमी करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा बसवून झाल्या त्या रात्री गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि समाधानानं झोपलो. सकाळी मागून पाहिलं तर गाडी डावीकडे कललेली. फार नाही, चपलेत खडा गेलेला माणूस उभा राहतो तितकीच. पण एकदा दिसलं की डोळा तिथून हटत नाही. शेजारच्यांना विचारलं तर ते म्हणाले, "चांगली दिसतेय की." दादाला बोलावलं. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "बसलीये रे डावीकडे. आधी किती होती?"

आधी किती होती? मोजलंच नव्हतं. दोन दिवस अंगाला ग्रीस फासून घेतलं, बोल्टांचे फोटो काढले, जुन्या स्प्रिंगांचे फोटो काढले, आणि चार कोपऱ्यांवर टेप धरायची पाच मिनिटं वाचवली. या एका आळसापायी पुढचे तीन आठवडे गेले.

हे खरं, की कल कदाचित आधीपासूनच होता. मूळ स्प्रिंगांवर टायर आणि चाकाची कमान यांच्यात चार बोटं मावायची. तिथं अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी ३० मिमी खाली आणली की फट दोन बोटांवर येते आणि तोच अर्धा सेंटिमीटर ठळक दिसायला लागतो. त्यामुळे हा दोष नवा की जुना, हेच मला ठरवता येईना.

टेप काढला आणि जमिनीपासून कमानीच्या काठापर्यंत मोजलं. पुढे डावीकडे ६२४, उजवीकडे ६३७. मागे डावीकडे ६३४, उजवीकडे ६३९. म्हणजे पुढे १३ चा फरक, मागे ५ चा. दादानं आकडे पाहिले आणि काही न बोलता हवेचा गेज आणला. पुढच्या डाव्या टायरमध्ये २६ पीएसआय, बाकी तिघांत ३३. हवा भरली, गाडी पुढेमागे केली, परत मोजलं: पुढे ११, मागे ३. नुसत्या हवेनं दोन मिलिमीटर खाल्ले होते.

तेव्हापासून जमिनीवरून मोजणं सोडलं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर कमानीच्या काठापर्यंत मोजायचं, म्हणजे टायरची झीज आणि हवा थेट हिशेबात येत नाही. डावा पुढचा ३३८, उजवा ३४९. डावा मागचा ३४४, उजवा ३४७. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. उशिरा का होईना, वही सुरू झाली.

आणखी एक गोष्ट दर वेळी करावी लागते, ती इथंच सांगतो. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नये. चाक लोंबकळत असताना दोन्ही चाकांमधलं अंतर थोडं कमी झालेलं असतं. गाडी खाली आली की टायर बाहेरच्या बाजूला सरकायला बघतात, पण जमिनीची पकड त्यांना सरकू देत नाही, आणि गाडी त्या ओढाताणीत वरच अडकते. दहा-वीस फूट पुढे, तेवढीच मागे नेली आणि प्रत्येक कोपरा हातानं दाबून सोडला की ती खरी बसते. हे न करता घेतलेली दोन पानं मापं मी नंतर फाडून टाकली.

"नव्या स्प्रिंगा आहेत, बसतील," असं सगळेच सांगतात. ते अर्धं खरं आहे. ३०० किलोमीटर चालवल्यावर चारही कोपरे तीन-चार मिलिमीटर खाली आले. पण सगळेच सारखे खाली आले. फरक होता तिथंच. (पुढची मापं सोपी राहावीत म्हणून यापुढे फरकच सांगतो.)

मग संशय स्प्रिंगवर. स्वाभाविक आहे, बदललेली मुख्य वस्तू तीच. शिवाय स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो, हे मला कुठूनतरी आठवत होतं. तार एक टक्का जाड निघाली तर स्प्रिंग चार टक्के कडक. म्हणजे दोन स्प्रिंगा टेबलावर शेजारी उभ्या करून "उंची सारखीच आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. वजन पडल्यावर त्या किती दबतात, ते महत्त्वाचं. घरी तसं वजन टाकून मोजायची सोय कुठली? एकच उपाय: पुढच्या दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल करायची आणि कल त्यांच्याबरोबर उजवीकडे जातो का ते पाहायचं.

एक अख्खी सुटी त्यात गेली. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) उतरवा, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावा, टॉप माउंटचा (खांबाच्या वरच्या बैठकीचा) नट काढा, स्प्रिंग बदला, परत तेच उलट. कॉम्प्रेसरची मला आजही भीती वाटते आणि ती असायलाच हवी. प्रत्येक मिलिमीटरला ३० न्यूटन मागणारी स्प्रिंग १५० मिमी दाबून धरली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा ३४ किलोचं पोतं एक मीटरवरून टाकल्याइतकी होते. ती इतक्या जवळ धरून नट फिरवायचा असतो. तेव्हा दोन्ही हूक समोरासमोर, दोन्हीकडे आळीपाळीनं थोडे थोडे वळसे, आणि स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत चेहरा कधीच नाही.

अदलाबदल झाली, गाडी फिरवून आणली, मोजली. पुढे डावीकडे ११ कमी. एक मिलिमीटरही हलला नाही. स्प्रिंगा निर्दोष सुटल्या.

इथं मोह झाला तो रबरी पॅडचा. स्प्रिंगच्या वाटीत जाड पॅड टाकून तो कोपरा वर उचलता येतो. हा काही जुगाड नव्हे, कारखानेही ते करतात. जुन्या मर्सिडीजमध्ये वेगवेगळ्या जाडीचे पॅड असत आणि त्यावरच्या फुगीर ठिपक्यांवरून जाडी ओळखायची. लँड रोव्हरच्या काही गाड्यांत तर चालकाच्या आणि दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगाच वेगळ्या. मी दुकानात जाऊन पॅड आणलाही. दादानं विचारलं, "कितीचा आणलास?"

"दहाचा."

"आणि कल कितीचा आहे?"

"पुढे अकरा, मागे तीन."

"एकाच गाडीत? बॉडी वाकलीये का तुझी?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. बॉडी हा एक अखंड डबा आहे. तो डावीकडे कलला तर पुढेही आणि मागेही सारखाच कलायला हवा. पुढे ११ आणि मागे ३ येत असतील तर चाकं एका पातळीत उभी नाहीत, नाहीतर पत्रा खोटं बोलतोय. इतकी साधी गोष्ट आणि तीन आठवड्यांत माझ्या डोक्यात आली नव्हती.

आधी जमीन. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, आतले बुडबुडे जाईपर्यंत धीर धरला आणि चारही चाकांच्या जागा तपासल्या. डाव्या मागच्या चाकाखालची फरशी ६ मिमी खाली. डोळ्याला अगदी सपाट वाटणारी फरशी! त्या चाकाखाली ६ मिमीचा प्लायवुडचा तुकडा सरकवला, गाडी त्यावर आणून उभी केली, कोपरे दाबले. पुढचा फरक ११ वरून ८ वर आला. आणि मागचा ३ वरून ६ झाला.

वाढला! माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की नळी चुकली. मग कागदावर चार चाकं काढून बसलो तेव्हा उलगडलं. मागचं एक चाक खड्ड्यात असलं की डबा डावीकडे झुकतो, पण त्या चाकाइतका झुकत नाही. पुढची जोडी त्याला धरून ठेवते. म्हणून खड्ड्यातलं चाक कमानीपासून लांब जातं आणि तिथं फट मोठी दिसते. पुढे मात्र डब्याचा झुकाव पुरता दिसतो. खोट मागच्या फरशीत होती आणि तिचा आकडा मी पुढच्या डाव्या स्प्रिंगच्या नावावर मांडत होतो.

आता ८ आणि ६. दोनचा फरक अजून उरलाच. पुढच्या कमानीचा काठ म्हणजे शेवटी मडगार्डचा पत्रा. तो बोल्टांनी बसवलेला, थोडा वरखाली होणारच, आणि कधी काळी कोणी ठोकून सरळ केला असेल तर विचारायलाच नको. म्हणून दारांखालच्या पट्टीवर, जॅक लावायच्या जागांपाशी जमिनीपासून मोजलं. (त्या जागाही जॅकनं चेपलेल्या असतात. चेपलेल्या भागाच्या दोन बोटं बाजूला टेप धरावा.) पुढे ६, मागे ६. जमलं. डाव्या मडगार्डचा काठ मुळातच दोन मिमी खाली होता.

खरा कल ६ मिमीचा. १३ पासून सुरुवात केली होती आणि निम्म्याहून जास्त गाडी न उघडताच गेला होता. तो दहाचा पॅड घातला असता तर काय झालं असतं याचा विचार नको.

उरलेल्या ६ साठी अँटीरोल बारची एक लिंक सोडून पाहिली. हा बार दोन्ही चाकांना जोडलेला असतो. तो पिळलेल्या अवस्थेत बसला असेल तर गाडी तिरकी धरू शकतो. लिंक सुटल्यावर कल कमी होण्याऐवजी जवळजवळ एक मिमीनं वाढला. बार बिचारा गाडी सरळ धरायला धडपडत होता, आणि मी त्याच्यावर आळ घेत होतो. लिंक परत लावली.

मग दादानं एक युक्ती केली. मागच्या चाकांना पुढून आणि मागून अडण्या लावल्या, पुढच्या क्रॉस मेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर ट्रॉली जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत गाडी उचलली. आता पुढच्या स्प्रिंगांना मत नाही. गाडी पुढे एका टेकूवर तोललेली, आणि तिचा कल फक्त मागची जोडी ठरवणार. (अशा गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, फक्त बाहेरून माप घ्यायचं आणि उतरवायची.) मागचा फरक ६ वरून ४ वर आला.

"म्हणजे पुढचं जास्त, मागचं थोडं," दादा म्हणाला. "पुढे काय काय उघडलं होतंस?"

सगळं सांगितलं. स्ट्रट, टॉप माउंट दोन्हीकडे नवे, लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यांचे, सांध्यातले रबरी बुश खराब होते म्हणून दोन्ही आर्मही नवे.

"आर्मचे बोल्ट कधी आवळलेस? वजन असताना ना?"

आता इथं कबुली द्यायला हवी. पहिल्या दिवशी उजवी बाजू केली होती. चाक हवेत, आर्म खाली लोंबकळतोय, आणि मी ठरावीक जोर आला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याचा 'टक्' ऐकून बोल्ट आवळून मोकळा. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला हात घालण्याआधी दादाशी फोनवर बोलणं झालं, आणि तो म्हणाला होता की बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळ. डावीकडे तसंच केलं. उजवीकडचं झालंय ते झालंय म्हणून राहू दिलं. तीन आठवडे मी टायर, स्प्रिंग, फरशी, पत्रा, बार सगळ्यांची झडती घेतली आणि हे आठवूनही आठवलं नाही.

या बुशची रचना समजली की चूक किती मोठी होती ते कळतं. बाहेर धातूची नळी, आत धातूची नळी, मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी कंसात पक्की होते, फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. आर्म लोंबकळत असताना आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. गाडी खाली ठेवल्यावर आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहून त्याला खाली ढकलत असतं. म्हणजे त्या कोपऱ्यात आणखी एक लपलेली स्प्रिंग बसवल्यासारखं. गाडी वर राहते, शिवाय रबर लवकर फाटतं.

आणि ही लपलेली स्प्रिंग उजवीकडे होती. डावी बाजू बसलेली नव्हतीच. ती जिथं यायला हवी तिथं आली होती. उजवी वर अडकली होती. बसवण्याआधी चार मापं घेतली असती, तर डावी ठरल्याप्रमाणे उतरली आणि उजवी कमी उतरली, हे पहिल्याच सकाळी वहीत दिसलं असतं. आणि मी तो पॅड घालून बरोबर असलेली डावी बाजू चुकीच्या उजवीच्या उंचीला नेऊन ठेवणार होतो.

चारही चाकांखाली जाड, रुंद लाकडी ठोकळे देऊन गाडी वर घेतली, म्हणजे वजन चाकांवरच राहिलं आणि खाली शिरायला जागा मिळाली. उजव्या आर्मचे दोन्ही बोल्ट ढिले केले. दुसरा ढिला होताना रबरातून 'कुर्र' असा आवाज आला. तो आवाज ऐकून मला जितका आनंद झाला तितका स्प्रिंगा घरी आल्या तेव्हाही झाला नव्हता. दादानं गाडी बाहेरून दहा-बारा वेळा हलवली, मी पुस्तकातल्या टॉर्कला बोल्ट आवळले. संशयाला जागा नको म्हणून डावीकडचेही सोडून पुन्हा आवळले. गाडी खाली, फिरवून आणली, सपाट केलेल्या जागेवर उभी केली. पट्टीवर पुढे साडेतीन, मागेही साडेतीन. मागे हात लावला नव्हता, तरी तिथलाही कल तितकाच उतरला. अखंड डबा.

मागचं काम तासाभराचं निघालं. माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, आहे. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्याचं टोक रबरी वाटीतल्या पायरीला टेकायला हवं. उजवीकडे ते टोक पायरीवर चढून बसलं होतं. बीम जॅकनं वर घेताना मी डाव्या बाजूला होतो, तिथली स्प्रिंग नीट बसते का ते बघत; उजवी स्प्रिंग तेवढ्यात फिरली आणि तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. खाली घेतली, टोक पायरीला भिडवलं, हातानं धरून ठेवलं, दादानं जॅक मारला.

शेवटचं माप: पट्टीवर पुढे २, मागे २. पुढच्या कमानीवर ४ दिसतो, पण त्यातले दोन मडगार्डचे. उरलेल्या दोनचं श्रेय बॅटरी आणि टाकी डाव्या बाजूला असण्याला द्यायला हरकत नाही. मग व्हील अलाइनमेंट केली. उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकांचा उभा आणि आडवा तिरकेपणा) दोन्ही बदलतात, म्हणून ती सगळ्यात शेवटी. हेडलाइटचे झोतही वर-खाली करून घेतले. पॅड परत करायला गेलो तर पावती सापडेना. तो अजून कपाटात आहे.

एवढ्यावर थांबलो असतो. पण अलाइनमेंटवाल्यानं गाडी घेताना सहज विचारलं, "रिकाम्या गाडीवर करू की माणूस बसवून?" बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत अलाइनमेंटआधी आसनांवर ६८-६८ किलोची वजनं ठेवायची असतात, हे त्यानंच सांगितलं. घरी आल्यावर राहवेना. दादाला टेप दिला आणि मी चालकाच्या जागेवर जाऊन बसलो. माझं वजन सत्तर.

"आता उजवी तीननं खाली," दादा बाहेरून म्हणाला.

उतरलो. "डावी दोननं खाली."

परत बसलो. उजवी तीन. म्हणजे मी बसलो की गाडी ५ मिमी उजवीकडे जाते. स्टिअरिंग धरून बसल्या बसल्या हिशेब केला: सगळ्या चुकांसकट जेव्हा खरा कल ६ चा होता, तेव्हा सपाट जमिनीवर मी आत बसलो असतो तर फरक आला असता १.

दादाला हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग टेप गुंडाळत म्हणाला, "बुश तरी वाचले."